राखेला पुरून उरलेलं गोंदण

“राखेनं घासू नका म्हणून किती वेळा सांगू, मावशी?”

“राखेनं नाई घासू तं काय गुलालानं घासू? अन् पह्यल्या दिवशी कोण म्हणत होतं, ‘मावशी, जनमभर चेहरा हालत नाई’? हे पाह्य. नाक कुठं हाये माह्यं?”

“अवो, पण घासणी मिळते, साबण मिळते...”

“मी मेली का माह्या तेरवीत हे डबे घरोघर जातीन. तू काय आमच्या लामत्यात घरोघर साबण वाटत फिरशीन?”

शेवंताबाईंनी काउंटरवर आदळलेला स्टीलचा डबा सरितानं उचलून उजेडात धरला. झाकणावर शेवंताबाईंचा फोटो छापलेला होता. पदर ठीक, डोळे ठीक, पण नाकाच्या जागी नुसतं स्टील चमकत होतं. कपाळावरचं अन् हनुवटीवरचं हिरवं गोंदण तर पार धुऊन निघालेलं.

दुकानाच्या कोपऱ्यात स्टुलावर बसून सरिताचे बाबा, भैयालाल, एका परातीवर छिन्नीनं नाव टाकत होते. मान वर न करता ते म्हणाले, “नाव गेलं नसतं.”

“बाबा, तुम्ही चूप बसा.”

“चूपच तं हाये. ठोकून राह्यलो फक्त.” अन् टकटक पुन्हा सुरू.

या टकटकीतच सरिता लहानाची मोठी झाली. वारासिवनीच्या बाजारात भैयालाल पोतं अंथरून बसायचे आणि लग्नाच्या, वास्तूच्या, तेरवीच्या भांड्यांवर नावं टाकायचे. काम मनासारखं उतरलं की भांडं उलटं करून बुडाशी तीन टिंबं ठोकायचे. हे नाव पुसलं तर भैयालालला येऊन धरा, असा त्या टिंबांचा अर्थ. त्यांना धरायला आजवर कुणी आलं नव्हतं.

पोरगी मात्र फोटोच्या नादाला लागली. गोंदियाला जाऊन छपाई शिकली, बालाघाटात दुकान टाकलं. सुरुवातीला कपांवर फोटो छापायची. कप आयते लेप लावून येतात. कागदावर छापलेल्या फोटोची शाई तापली की तिची वाफ होते आणि ती वाफ त्या लेपात शिरून बसते. पण इथं कप वाटतं कोण? इथं वाटतात भांडी. कोऱ्या स्टीलवर ती शाई थांबत नाही, पाण्यासारखी निसटते. मग सरिता म्हणाली, लेपही मीच बनवीन. मागच्या खोलीत भट्टी आली, लेप फवारायचं यंत्र आलं, नागपूरहून रेझिनचे अन् ते कडक करणाऱ्या हार्डनरचे डबे आले. लोक तिच्याकडून डबे नेऊ लागले, नावाजू लागले. बाबांनी मात्र तिच्या एकाही डब्याच्या बुडाशी टिंबं ठोकली नाहीत. ती विचारायची, “काहून?” ते म्हणायचे, “टिकू दे आधी.”

आणि आता हे नाक.

“मावशी, कोणती राख वापरता?”

“मिलातली. धानाच्या तुसाची. दुसरी कोणती राह्यते?”

शेवंताबाईंनी पदराच्या गाठीतून चिमूटभर राख काढून तिच्या तळहातावर ठेवली. पुरावाच आणला होता बाईनं! सरितानं ती बोटांत चोळली. काचेचं पीठ म्हणावं अशी करकरीत. धानाच्या मुलखात जन्मलेली पोरगी, लहानपणी आईबरोबर हीच राख भरून आणायची. आणि लेप तपासला कशानं, तर पाकिटावर बाई हसते त्या साबणानं. तिची तिलाच लाज वाटली.

“तुमची तेरवी काय उद्या हाये का मावशी? थांबा थोडं. करून देते.”

“थांबते ना. पण चेहरा गेला तं मले नाई चालत.” शेवंताबाईंचा आवाज एकदम उतरला. “आमच्या घरच्याइचा एकच फोटो होता. सुखराम नाव त्याइचं. भिंतीच्या वलीनं खाल्ला. नातू इचारते, आबा कसे दिसत होते? मी भिंतीकडं बोट दाखवते. चौकट हाये, आबा नाई. अन् हे गोंदण माह्या मायनं मांडीवर घेऊन टोचून घेतलं होतं. ते दिसलं पाहिजे. नाईतं ते तोंड कोणाचंही.”

आधी सरितानं हार्डनर वाढवलं. लेप काचेसारखा कडक झाला, राख त्यावरून घसरून जाऊ लागली. पण रंगही आत शिरेना. शेवंताबाई राखाडी दिसू लागल्या, गोंदण तर उमटलंच नाही.

“हे तेरवीचं नाई,” बाई म्हणाल्या, “हे तेरवी झाल्यावरचं तोंड हाये.”

मग हार्डनर कमी केलं. रंग असा भिनला की गोंदणाचं टिंब न् टिंब मोजून घ्यावं. पण मऊ लेप गरम कागदाला चिकटला. कागद ओढला तर अर्धी मावशी कागदावर, अर्धी झाकणावर. कागद सुटावा म्हणून लेपात थोडं सिलिकॉन घातलं. कागद सुटला अलगद, पण गालांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले.

“एकाची खोड मोडली की दुसरं रुसते,” सरिता वैतागून म्हणाली. “कडक केलं तं रंग रुसते, मऊ केलं तं राख खाते.”

“सासूसुना हायेत त्या,” शेवंताबाई नळाशी उकिडव्या बसून झाकण घासत म्हणाल्या. दर बाजाराला त्या लामत्याहून राखेची पिशवी घेऊन यायच्या, पदर खोचायच्या आणि स्वतःच्याच तोंडावर तुटून पडायच्या. “एका खोलीत नाई नांदत. येगळ्या चुली करून दे.”

सरिता हसली, आणि मग हसायची थांबली.

वेगळ्या चुली. खाली मऊ लेप, रंगाला राहायला. वर कडक लेप, राखेशी भांडायला. पण वरचा जाड झाला की वाफ अडायची, पातळ झाला की राख त्याला भेदायची. शिवाय खालचा पुरता भाजला की वरचा त्याला धरायचाच नाही, पापुद्र्यासारखा उडायचा. तव्यावरच्या भाकरीची ओली बाजू सुकायच्या आत उलटावी लागते, तसं खालचा अर्धकच्चा असतानाच वरचा फवारायला हवा. किती फवारायचा हे तिच्या मनगटाला हळूहळू कळलं: ओल्या झाकणात ट्यूबलाइटची रेघ सरळ दिसू लागली की हात थांबवायचा. सिलिकॉन फक्त वरच्या लेपात, नावापुरतं. झाकणं फुकट जात राहिली, तिची नखं लेपानं पिवळी पडली. पण बाजाराचा दिवस आला की नळाखाली नवं झाकण तयार असायचं.

आणि एका बाजाराला शेवंताबाई घासून घासून दमल्या.

त्यांनी राख बदलली, काथ्या बदलला, हात बदलला. शेवटी पाणी ओतलं. राखेखालून कपाळ वर आलं, मग नाक, मग हनुवटी. गोंदणाची हिरवी टिंबं जिथल्या तिथं होती.

पदराच्या टोकानं बाईंनी हनुवटीवरचं पाणी टिपलं, झाकणावरच्या.

“माये,” त्या हळूच म्हणाल्या, “हे तं मीच हाये.”

“मग पास का, मावशी?”

“पास? बनव सारे डबे. पण तेरवीची वाट कोण पाह्यते? मोठ्या नातवाच्या लग्नातच वाटते. लोकाइचे तोंडं पाह्याले नको का मले?”

सरिता हसत सुटली. हसता हसता तिच्या लक्षात आलं की टकटक थांबली आहे.

भैयालाल स्टुलावरून उठून नळापाशी आले होते. त्यांनी झाकण मागून घेतलं. उरलेली राख अंगठ्यावर घेतली आणि आयुष्यभर छिन्नी धरून दगड झालेला तो अंगठा गोंदणावरून जोर लावून फिरवला. पुन्हा फिरवला. मग आत जाऊन डबा आणला, मांडीवर उलटा धरला, अन् बुडाशी टिंबं ठोकली. टक. टक. टक.

सरितानं विचारलं, “बाबा... म्हणजे नाव गेलं नसतं, तसा चेहराही जाणार नाई ना आता?”

भैयालालनी झाकण डब्यावर बसवलं, डबा काखेत मारला आणि चपला पायात सरकवल्या.

“अहो, माह्यं तोंड कुठं घेऊन चालले?” शेवंताबाई ओरडल्या.

ते मागं वळले नाहीत. रस्ता ओलांडून, छाती काढून, पोरीचा डबा दाखवायला भांडेवाल्यांच्या ओळीकडे निघून गेले.