पत्त्यांच्या खेळावर लिफ्टची पाटी

जगात दोन माणसांना टाळी मिळत नाही: नाटकाचा पडदा ओढणाऱ्याला आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला. वर पोचलेला माणूस स्वतःच्या पायांनी सात मजले चढल्यासारखा ऐटीत बाहेर पडतो. अडकला, की मात्र लिफ्टवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. या गोष्टीतल्या लिफ्टवाल्याने हा मान तीस वर्षं भोगला. तोही कमी पडला की काय, म्हणून निवृत्त झाल्यावर त्याने लाँचर बनवलं.

कॉम्प्युटरवर चौघांनी खेळायचा एक पत्त्यांचा खेळ होता. त्याची कंपनी भारी कर्तबगार. दर महिन्याला पत्त्यांच्या पाठीचा रंग बदलायची. खेळ धड उघडतो की नाही, असल्या क्षुल्लक गोष्टीकडे बघायला तिला सवड नव्हती. आधीचा अडकलेला खेळ बंद करा, साठलेला कचरा पुसा, आवाज सुरू करा, पत्ते मोठे करा, एवढे सोपस्कार झाले की मग डाव. लिफ्टवाल्याने हे सगळं एका बटणात बसवलं, तेच ते लाँचर, आणि खेळाच्या शौकिनांना फुकट वाटून टाकलं. बघता बघता सोळाशे जण ते बटण दाबू लागले.

खरं तर ते एकाच माणसासाठी होतं: त्याच्या ताईसाठी. दोन वर्षांपूर्वी तिच्या घरी डाव रंगला असताना तो म्हणाला होता, "दाजी, हुकूम लपवलात." दाजींनी पत्ते फेकले, ताईने नवऱ्याची बाजू घेतली आणि बहीणभावाचं बोलणं तुटलं, ते तुटलंच. पुढे भाचीकडून कळलं की आई दुपारभर तो खेळ खेळते आणि तो उघडेना की रडकुंडीला येते. त्याने लाँचर लिहिलं, भाचीकडून ते ताईच्या कॉम्प्युटरवर बसवून घेतलं आणि कुणी बनवलं ते सांगायचं नाही, अशी तिला शपथ घातली.

आणि मग या मुत्सद्द्याने लाँचरच्या तळाशी, जन्मभराच्या सवयीने, पाटी लावली: 'अडचण आल्यास घाबरू नका. दार ओढू नका. पुढील क्रमांकावर फोन करा.' क्रमांक घरचा.

"भाचीला शपथ घातलीत, आणि नंबर स्वतःचा छापलात?" बायकोने कपाळाला हात लावला.

"पाटी म्हटली की नंबर लागतोच. नियम आहे."

त्या नियमापायी बायको सोळाशे लोकांची टेलिफोन ऑपरेटर झाली. "अहो, कुणाचा तरी राजा दिसेनासा झालाय!" ती स्वयंपाकघरातून ओरडायची आणि फोनवर पुढे विचारायची, "दार तर ओढलं नाहीत ना?"

सगळ्यांचे फोन आले. आठ महिन्यांत ताईचा तेवढा आला नाही.

"तुमचं इतकं झकास चालतंय, तर ती कशाला फोन करेल?" बायको म्हणाली. "थोडं बिघडवा."

"तीस वर्षांत मी एक लिफ्ट मुद्दाम अडकवलेली नाही."

"म्हणून तर तुम्हाला कुत्रंही विचारत नाही."

एका शनिवारी कंपनीने पत्त्यांची पाठ जांभळी केली आणि लाँचर सर्वांचंच बंद पडलं. त्याला दहा मिनिटांत दोष सापडला. एका फोल्डरचं नाव बदललं होतं. एक ओळ दुरुस्त केली की काम फत्ते. बोटं कळफलकावर टेकली. मग त्याने फोनकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

फोन वाजू लागला. एक निवृत्त दंतवैद्य, एक शाळामास्तर. मग खुद्द कंपनीच्या मदत केंद्रातली मुलगी: "आम्ही ग्राहकांना तुमचाच नंबर देतो, सर. खेळ कधी सुरू होईल?" लिफ्टवाल्याने कप खाली ठेवला. सोळाशे माणसं दोन मजल्यांच्या मध्ये लोंबकळताहेत आणि आपण चहा ढोसतोय!

साडेतीनला पुन्हा वाजला. त्यानेच उचलला.

"अडकलंय," पलीकडून आवाज आला. "दार ओढलेलं नाही."

"ताई?"

"नाही, राजाची राणी बोलतेय. ताईच, दुसरं कोण!"

"तुला... कधी कळलं?"

"पहिल्या दिवशी. तुझा नंबर विसरले नाहीये मी. आणि पत्त्यांच्या खेळाला दार असतं का रे, गाढवा?"

"मग आठ महिने फोन का नाही केलास?"

"चालत होतं ना! चालत्या लिफ्टसाठी कुणी फोन करतं का?"

"दाजी कसे आहेत?"

"त्यांना काय धाड भरलीय. कॉम्प्युटर हुकूम लपवू देत नाही, म्हणून त्याच्यावर चिडतात." मग तिने विचारलं, "किती वेळ लागेल रे?"

एक ओळ. दोन मिनिटांचं काम.

"तास तरी लागेल," लिफ्टवाला गंभीरपणे म्हणाला. "मोठा बिघाड आहे. फोन ठेवू नकोस."

आणि सोळाशे जण आणखी तासभर लोंबकळत राहिले.