ठकीच्या पट्ट्या

लेथवर तीस वर्षं दांडे कातणाऱ्या टर्नरकाकांना वर्तुळाचा पाय (π) म्हणजे ३.१४, एवढंच ठाऊक. तो आला कुठून, असं कॉलेजात शिकणाऱ्या त्यांच्या लेकीने, ठकीने, विचारलं तेव्हा ते म्हणाले, तक्त्यावर लिहिलेला असतो.

ठकीने मग वहीत त्रिज्या एक धरून पाव वर्तुळ काढून त्याच्या उभ्या पट्ट्या पाडल्या. कॉम्प्युटरकडून या पट्ट्यांच्या क्षेत्रफळांची बेरीज करून घ्यायची आणि चारने गुणायचं, की पाय मिळतो. पट्ट्या जितक्या बारीक, तितकं उत्तर नेमकं. तिने प्रोग्रॅम लिहिलाही, पण उत्तर यायचं चार. पट्ट्या शंभर करा नाहीतर हजार, चारच. काका पोट धरून हसले. पाय चार असलेली चाकं बसवली तर गाडी जागची हलायची नाही, म्हणाले. ती फुगून बसली. पण त्याच आठवड्यात दोनदा म्हणाली, बाबा, जरा बघा ना माझ्याबरोबर. कामावरून दमून आलेले काका दोन्ही वेळा म्हणाले, रविवारी बघू.

शनिवारी तिला ताप भरला. तो मेंदूत गेला. नवव्या दिवशी ठकी गेली.

दीड महिन्याने काका तिची वही घेऊन कॉलेजच्या लॅबमध्ये गेले. तिच्या बाईंनी प्रोग्रॅम उघडून दिला. काकांना त्यातलं ओ की ठो कळेना, पण बिघडलेला माल तपासायचा कसा, ते माहीत होतं.

"एकेका पट्टीची उंची दाखवता येईल?"

बाईंनी आकडे काढले. पट्ट्या कडेला उतरत जायला हव्या होत्या; इथे सगळ्या सारख्याच उंच.

"अहो, हा तर चौकोन झाला," काका म्हणाले.

मग बाईंना चूक दिसली. पट्टीची जागा काढताना ठकीने पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं होतं आणि प्रोग्रॅम उरलेला अपूर्णांक टाकून देत होता. सगळ्या पट्ट्या शून्यावरच, म्हणजे वर्तुळ सर्वांत उंच असतं तिथेच, उभ्या. बाईंनी एका ठिकाणी दशांशचिन्ह घातलं. शंभर पट्ट्यांना ३.१६ आलं, हजाराला ३.१४४, लाखाला ३.१४१६.

काकांनी पडद्यावरचा आकडा बोटाने पुसल्यासारखा केला. बाईंनी पाणी आणलं, ते तसंच राहिलं.

घरी बायकोने विचारलं, "मोठी चूक होती?"

"नाही गं. एक टिंब." मग म्हणाले, "त्या दिवशी बसलो असतो, तर तिथल्या तिथे सापडली असती."

बायकोने वही त्यांच्याकडून घेऊन ठकीच्या पुस्तकांत ठेवली.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी काका कामावर गेले. पहिलाच दांडा मापापेक्षा बारीक उतरला, वाया गेला. सुपरवायझरने तो बाजूला ठेवला आणि निघून गेला.