आधी पेशंटला सांगा

सांगलीच्या डॉक्टरांनी माझ्या बहिणीचा रिपोर्ट वाचला आणि म्हणाले, "घरातल्या पुरुषांना बोलवा." पेशंट, म्हणजे अक्का, समोरच बसली होती. तिला बाहेर बसवलं.

पॅन्क्रियाटिक कॅन्सर, म्हणजे स्वादुपिंडाचा कर्करोग. यकृतापर्यंत पसरलेला. पाठ दुखायची, जेवण जात नव्हतं. आम्ही पित्त समजत होतो. डॉक्टर म्हणाले, "आता पॅलिएटिव्ह केअर." म्हणजे बरं करण्याचे नव्हे, त्रास कमी करण्याचे उपचार.

दाजी फौजेतून निवृत्त. त्यांनी ठरवलं, "गाठ हाय, औषधानं विरघळंल, असंच सांगायचं. खचंल ती." डॉक्टरांनी मान डोलावली.

मी तेव्हा कराडात नागरी हक्कांच्या संघटनेत होते. जातीबाहेर लग्न करणाऱ्यांना पोलीस संरक्षण मिळवून द्यायचे. अक्काच्या लेकीचं, मनीषाचं लग्नही मीच लावलं. दाजींनी तिला घर बंद केलं होतं.

मी फोन केला तशी मनीषा लोणंदहून हॉस्पिटलात आली. दाजी तिला म्हणाले, "आईनं बोलावलं तर वर जा."

मी अक्काला विचारलं, "मनी खाली उभी आहे. बोलावू?"

तिचा हात केसांकडे गेला. "ह्या अवतारात नगं गं. बरी झाले की घरीच बोलावते. तवर ह्यांचा रागबी उतरंल."

"अक्का, ऐक, तू..."

दाजींनी माझं कोपर धरलं. "भाषणं चौकात करायची, बाई. हितं न्हाई." मला बाहेर काढलं. पुन्हा वॉर्डात सोडलं नाही.

त्याच आठवड्यात अक्का गेली. बरी होणार या भरवशावर, लेकीला न भेटता.

संघटनेतले म्हणाले, "ताई, हॉस्पिटलवर मोर्चा काढू." काढून काय? फाटकाबाहेर ओरडून खाटेजवळचा माणूस बदलत नाही. मी काम सोडलं आणि कथा लिहायला बसले. पहिल्या कथेत डॉक्टर आजारी बाईसमोरच बोलतात, आणि ती लेकीला वर बोलावते.

दिवाळी अंकात ती वाचून साताऱ्याहून एका बाईंचा फोन आला. "आमी आईला सांगितलं. लय रडली. मग म्हणाली, धाकटीला बोलवा." त्या बाईंची मी ऋणी आहे.

तुमच्या घरी असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना बजावा, पेशंटसमोर बोला.

मनीषानंही कथा वाचली. म्हणाली, "मावशी, लेक वर गेल्यावर आई काय म्हणती, ते का न्हाई लिहिलंस?"

लिहिणार नाही. ते वाक्य अक्काचं होतं. तिच्या तोंडचं हिरावून घेतलं त्यांनी. माझ्या पदरचं घालून मी ती जागा भरणार नाही.