टकटकरावांचा डबा

खरं नाव हजेरीच्या यंत्राला ठाऊक. बाकी साइटवर सगळे त्यांना टकटकराव म्हणत, अर्थात पाठीमागे. हातात कायम झाडूचा दांडा, त्याच्या टोकाला लोखंडी गोळी. नव्या फरशीवर तो आपटत चालायचे. आवाज खणखणीत आला की फरशी खालून भरीव. बद्द आला की पोकळ, म्हणजे आज ना उद्या फुटणार. हा दांडाही त्यांना फरशीच्या मिस्त्रीनंच करून दिला होता. "घ्या साहेब, माझाच गळा कापायला सुरी," असं हसत म्हणाला होता.

काम हॉस्पिटलच्या इमारतीचं. टकटकराव तिथले प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे काहीही बिघडलं की ज्याच्या डोक्यावर खापर फुटतं तो माणूस. अशा माणसाला साइटवर मित्र नसतो. कामगारांना तो मालकाचा वाटतो आणि मालकाला कामगारांचा. बायको-मुलगी दूर, इथे भाड्याची एक खोली. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, कधी येणार?"

"काम संपलं की."

"तुमचं काम म्हणजे ना, मारुतीचं शेपूट!"

दिवसभरात माणसासारखं बोलणं व्हायचं ते फक्त मिस्त्रीशी, जेवणाच्या सुट्टीत. फरशीची दोन रिकामी खोकी पालथी घालून दोघं बसायचे आणि डबे अदलाबदल करायचे. मिस्त्रीच्या बायकोच्या हाताला चव होती. टकटकरावांची भाजी रोज करपायची, आणि मिस्त्री ती रोज निमूट संपवायचा. त्या अर्ध्या तासावर टकटकराव अख्खा दिवस काढत.

मग खिडक्या उशिरा आल्या आणि घोडं अडलं. उद्घाटनाची तारीख डोक्यावर. टकटकराव मिस्त्रीच्या मागे लागले, "कसंही करून वरचा मजला या आठवड्यात उरका."

"खाली सिमेंटचा माल पसरून फरशी नीट ठोकायला वेळ लागतो, साहेब."

"ते मला सांगू नका."

मजला उरकला. टकटकराव दांडा घेऊन वर गेले. कोपऱ्यात खणखणीत, मध्ये बद्द. पुढची फरशी, तेच. एक उचलून पाहिली. खाली चार कोपऱ्यांत मालाचे चार गोळे, बाकी नुसती हवा. डोळेझाक करणं सोपं होतं, पण याच फरशीवरून आजारी माणसांच्या खाटा ढकलल्या जाणार होत्या. त्यांनी खडू काढला आणि खोलीमागून खोलीत फुल्या मारत गेले.

दुसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "चूक कुणाची?"

मिस्त्री तोंड उघडणार, एवढ्यात टकटकराव म्हणाले, "माझी. घाई मी केली. मिस्त्रीनं फक्त मी सांगितलं तेवढं केलं."

साहेबांनी त्यांची बिनपाण्यानं केली. उद्घाटन पुढे गेलं. यापुढे एकेक खोली तपासल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही, असं ठरलं. मिस्त्रीचं काम वाचलं. टकटकरावांना वाटलं, आपण मैत्रीला जागलो.

जिन्यात मिस्त्रीनं त्यांना गाठलं. "गोळे मी ठेवले, साहेब. ठेवताना मला कळत होतं."

"अहो, मी तुम्हाला वाचवलं."

"कुणी सांगितलं होतं? वाईट काम केलं म्हणाला असतात तर ऐकून घेतलं असतं. माझ्या माणसांसमोर तुम्ही मला सांगकाम्या करून टाकलंत."

त्या दुपारी मिस्त्री आपल्या माणसांत जाऊन जेवला, आणि त्यानंतर रोजच. सगळा मजला त्यानं उखडला आणि पुन्हा बसवला. खोली झाली की हाक यायची, "तपासा." एवढंच. टकटकराव मुद्दाम सावकाश तपासायचे. मिस्त्री पाठ करून उभा असायचा.

शेवटची खोली झाली. टकटकरावांनी भिंतीपासून भिंतीपर्यंत दांडा आपटला.

"सगळं भरीव आहे, मिस्त्री. एक नंबर काम."

"असणारच," म्हणून मिस्त्रीनं थापी पिशवीत टाकली. "येतो, साहेब."

"आज जेवून जा की."

"नको. नवीन साइटवर माणसं थांबलीत."

तो गेला. टकटकरावांनी सवयीनं दोन खोकी पालथी घातली, एकावर बसले, डबा उघडला. आज पहाटे उठून, गॅससमोरून न हलता त्यांनी भाजी केली होती. जरासुद्धा करपली नव्हती. समोरच्या खोक्याकडे बघत ते एकटेच जेवले.