कालच शिवून झालेला कोट

आमचे हे शिंपी आहेत, आणि चांगले शिंपी आहेत. तोंडावर मी हे कधी म्हणत नाही, उगाच डोक्यावर बसतील. पण हल्ली ह्यांचं एक दुकान खाली रस्त्यावर आणि दुसरं मोबाईलमध्ये. तिथे म्हणे एक अख्खं गाव आहे. जगभरचे रिकामटेकडे बाहुले-बाहुल्या होऊन त्यात फिरतात आणि त्यांचे कपडे आमचे हे शिवतात. तिथे ह्यांना 'उस्ताद' म्हणतात. इथली गिऱ्हाइकं काय म्हणतात ते विचारू नका.

परवा दुपारी लेकीची मुलाखत होती, पहिल्यावहिल्या नोकरीची. कोटाचं कापड तिनं कधीच आणून दिलं होतं. सकाळी विचारलं, "बाबा, कोट?"

"तो झाला की! काल बटणंसुद्धा लावली," हे चहाचा घोट घेत म्हणाले. इतक्या आरामात, की माझाही विश्वास बसला.

कपाट उघडलं. कापड जसंच्या तसं पिशवीत. कात्रीसुद्धा लागली नव्हती.

"अगं, शप्पथ! मी लावली बटणं. करडी." खोटं बोलत नव्हते बिचारे. मग ह्यांनी हळूच मोबाईल काढला. तिथे लेकीची बाहुली उभी, अंगात कोट, कोटाला करडी बटणं. त्याच दुपारी तिथल्या स्पर्धेत तोच कोट मिरवायचा होता.

"वा! मग मुलाखतीलाही बाहुलीलाच धाडा," मी म्हटलं.

लेक ओरडली असती तर परवडलं असतं. ती नुसती म्हणाली, "राहू दे, मैत्रिणीचा मागून नेते." शिंप्याची पोर आणि उसना कोट! हे ताडकन उठले, कापड टेबलावर पसरलं. पण एक डोळा मोबाईलवरच. स्पर्धेला उस्ताद हजर नसले तर नाव बाद. शेवटी मीच मोबाईल हिसकावला. "द्या इकडे. तुमचा बाहुला मी उभा करते. तुम्ही कात्री चालवा."

काय बाई ते गाव! एक म्हणतो, उस्ताद, पाठीतून पंख बाहेर काढता येतील असा झगा हवा. मी लिहिलं, आधी घरी विचारून या. एकीला शेपटीसाठी भोक ठेवलेली विजार हवी होती. तिला विचारलं, कापड कोण देणार, तुझा बाप? उस्तादांचं आज बिनसलंय, अशी गावभर बोंब झाली. इकडे मशीन धडधडत होतं.

"माप घेतलंत का?" मी विचारलं.

"पोरीचं माप मला तोंडपाठ आहे," मानही वर न करता उत्तर.

कोट झाला. लेकीनं हात घातले आणि खांद्यातच अडकली. बाह्या मनगटाच्या कितीतरी वर. हे चक्रावलेच. "असं कसं? तिथे तर चपखल बसला होता!"

"बाबा, तिथली मी अजून नववीत आहे," लेक म्हणाली. "शाळेत असताना करून दिली होती ती बाहुली तुम्हाला. ती कुठे वाढते?"

ह्यांनी गळ्यातली टेप काढून तिच्या खांद्याला लावली. आकडा बघितला, पुन्हा लावली. "एवढी मोठी कधी झालीस गं?"

"समोरच तर होते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही आला, दोन्ही एकदमच.

शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडायची ह्यांच्या हाताला सवय, म्हणून निभावलं. उसवलं, सैल केलं, मशीनवर घ्यायला वेळ नव्हता तिथे हातानं टाके घातले. सुई बोटात घुसली तरी तोंडातून शिवी नाही. लेक कोट चढवून धाडधाड जिना उतरली. एवढ्यात माझ्या हातातला मोबाईल वाजला. उस्तादांचा कोट पहिला आला होता, अख्खं गाव टाळ्या पिटत होतं.

"अहो, जिंकलात!" मी म्हटलं.

पण हे खिडकीतून अर्धे बाहेर लोंबकळत साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडत होते, "हात वर करू नकोस गं! काखेतले टाके कच्चे आहेत!"