दुसऱ्या हार्ड डिस्कवरचा आवाज

आधीच सांगतो, मी बँकेतला माणूस. कागद दाखवल्याशिवाय सख्ख्या भावावरही विश्वास ठेवत नाही. इथे लोक पांढऱ्या साडीतल्या बायांचे किस्से लिहितात, ते वाचून मी आजवर फक्त दात काढलेत... आता तुम्ही माझ्यावर काढा, माझी हरकत नाही.

आम्ही मूळचे सांगलीचे. मी लखनौला इंदिरा नगरमध्ये राहतो, मोठी बहीण — आमची ताई — आलमबागला. भाऊजी रेल्वेत इंजिनिअर, त्यामुळे तिचं निम्मं आयुष्य इथेच गेलं. तिचा एकुलता एक मुलगा तन्मय. त्याला मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत — इथली सगळीच पोरं तशी. म्हणून ताईने घरात नियम केला होता. तो हिंदीत बोलला की ती म्हणायची, "मराठीत बोल. हिंदी मला ऐकू येत नाही." आणि खरंच बहिरी असल्यासारखी भाजी चिरत बसायची. तो "क्या मम्मी, यार" म्हणून हसायचा, पण मराठीचा शब्द तोंडातून काढायचा नाही. दोघंही सारखेच हट्टी.

मागच्या वर्षी तो सुट्टीला आला. चारबागला उतरून त्याने फोन केला, "मम्मी, निकल रहा हूँ, खाना लगा दो." ताईने नेहमीचं वाक्य टाकलं आणि फोन ठेवला. स्टेशनच्या बाहेर त्याच्या ऑटोला ट्रकने उडवलं. घरी आली ती नुसती बॅग.

त्यानंतर ताईचा जीव त्याच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये अडकला. त्यात घरगुती व्हिडिओ होते, ते लावून ती रोज त्याचा आवाज ऐकायची. पण मशीन रडतखडत चालायचं, आणि आता हार्ड डिस्कही कटकट वाजायला लागली होती. डिस्क बंद पडली असती तर तो आवाजही गेला असता. म्हणून एका रविवारी दुपारी मी रॅम आणि एक कोरी हार्ड डिस्क घेऊन गेलो. जुन्या डिस्कवरचं सगळं नवीवर उतरवायचं, एवढंच काम होतं.

कॅबिनेट उघडलं, धूळ झटकली, जुन्या रॅमशेजारी नवी खटकन बसवली. दुसरी डिस्क खालच्या खणात स्क्रूने आवळली, केबल जोडल्या. मशीन चालू झालं, मेमरी दुप्पट दिसली. नवी डिस्क मी माझ्या हाताने फॉरमॅट केली आणि उघडून पाहिली — रिकामी. ताई मागेच उभी होती, तिनेही पाहिलं.

"आता काही जाणार नाही ना रे?"

"काही जात नाही, ताई. तू चहा टाक."

कॉपी लावायला नवी डिस्क परत उघडली... तर आत एक ऑडिओ फाइल. नावाच्या जागी काहीच नाही. मला वाटलं, चुकून काहीतरी इकडे आलं असेल. क्लिक केलं.

"आई, निघालोय. ताट वाढून ठेव."

आवाज तन्मयचा. मराठी स्वच्छ, आमच्या सांगलीची. फाइल संपली नव्हती, नुसती खरखर चालू होती — फोनवर समोरचा उत्तरासाठी थांबतो ना, तशी.

ताई चहा टाकून धावत आली आणि तिने स्पीकर दोन्ही हातांनी धरला. जन्मभर ज्या बाईने पोराशी हिंदीचा एक शब्द काढला नव्हता, ती म्हणाली, "कहाँ है बेटा? आ जा. जैसे बोलना है बोल, मैं सब सुनूँगी."

खरखर थांबली.

"मराठीत बोल. हिंदी मला ऐकू येत नाही."

तिचंच वाक्य, तिच्याच सुरात, आवाज त्याचा. फाइल तिथेच संपली. ताई मराठीत हाका मारत राहिली — ये रे बाळा, ताट वाढते, ये. मी डिस्क पाहिली तर परत रिकामी. मला देवाचा राग येत नाही, त्या आवाजाचा येतो. सख्ख्या आईशी असं वागतात?

घाईघाईने मी जुनं सगळं कॉपी करून घेतलं. एकही एरर आली नाही. मग व्हिडिओ लावून पाहिले. पंखा ऐकू येतो, कुकरची शिट्टी ऐकू येते, भाऊजींचं खोकणं ऐकू येतं. तन्मयचा आवाज कुठेच नाही. नव्या डिस्कवर नाही, जुन्या डिस्कवरही नाही. नुसते ओठ हलतात.

डेटा रिकव्हरीवाल्याला दाखवलं. तो म्हणाला, "सर, फाइल तो बिल्कुल ठीक है." भाऊजी म्हणतात, रॅम लावताना तूच काहीतरी बिघडवलंस. म्हणोत बापडे. मीही स्वतःला तेच सांगून पाहतो, पण पटत नाही, आणि दुसरं काही सांगायला माझ्याकडे नाही.

ताईने हिंदी सोडली. आलमबागच्या बाजारात सब्जीवाल्या भैयाशीही मराठीत बोलते, तो बिचारा बघत राहतो. रोज जेवायच्या आधी ती एकच व्हिडिओ लावते. त्यात ती भाजी चिरता चिरता म्हणते, "मराठीत बोल. हिंदी मला ऐकू येत नाही." हे अगदी स्वच्छ येतं. मग तन्मय हसतो आणि काहीतरी बोलतो. ताई स्पीकरला कान लावून बसते, आणि तिला खरंच काही ऐकू येत नाही.