पहिल्या रांगेतली दाभणमावशी

ज्या शनिवारी तिने जल्लाद नावाच्या पहिलवानाच्या मांडीत दाभण खुपसला, त्या शनिवारी तिला त्याचा जीवच घ्यायचा होता. हे ती स्वतः सांगते, आणि सांगताना आवाज जराही खाली आणत नाही. दाभण म्हणजे सोफे-खुर्च्या शिवायची जाड सुई, चांगली वीतभर. ती कामावरून थेट आली होती आणि दाभण पिशवीच्या पट्ट्यात तसाच राहिला होता.

"तसाच राहिला होता," असं ती म्हणते. तिची धाकटी बहीण म्हणते, मुद्दाम नेला होता.

तेव्हा ती सव्वीस वर्षांची. बाप आणि ती मिळून बसच्या फाटक्या सीटा, दवाखान्यातली तपासणीची बाकं, लोकांचे खचलेले सोफे पुन्हा भरून शिवून द्यायचे. काथ्या पिंजून पिंजून बापाच्या छातीत धूळ बसली होती. माणूस इतका मवाळ, की गिऱ्हाइकाने आईवरून शिवी दिली तरी "बरोबर आहे तुमचं" म्हणायचा. पण शनिवारी संध्याकाळी भाजीच्या लिलावाच्या शेडमध्ये रिंग उभी राहिली, की त्याच्या अंगात कोण शिरायचं देव जाणे. ती नऊ वर्षांची असताना त्याने तिला पहिल्यांदा नेलं होतं. बाकावर उभा राहून बाप ओरडत होता, "फोड! डोळे फोड त्याचे!" ती आधी घाबरून रडली. मग तीही ओरडायला लागली. दोन दिवस तिच्या घशातून आवाज निघाला नाही, आणि तिला इतकं हलकं याआधी कधी वाटलं नव्हतं.

शेडमध्ये आठवडाभराच्या सडक्या कोबीचा वास असायचा. रिंग म्हणजे फळ्यांवर ताणलेलं कापड. त्यावर माणूस आदळला की आवाज बघणाऱ्याच्या पोटात वाजायचा. गरुड नावाचा पहिलवान निळ्या चड्डीत यायचा आणि म्हाताऱ्यांच्या पाया पडायचा. जल्लाद काळा मुखवटा घालून यायचा आणि मुठीतलं मीठ गरुडच्या डोळ्यांत फेकायचा. पंच नेमका तेव्हाच पाठ करून उभा असायचा. सगळ्या शेडला मीठ दिसायचं, त्याला तेवढं दिसायचं नाही.

लोक नुसते बघत नसत. एका निवृत्त मास्तरांनी जल्लादला दोन्ही बूट फेकून मारले आणि अनवाणी घरी गेले. कुणी त्याच्या पाठीवर पेटती सिगारेट विझवली. त्याच्या गाडीचे टायर दर शनिवारी फाडले जायचे, म्हणून शेवटी तो दोन पोलिसांच्या मधून चालत मागच्या दाराने यायला लागला. हे सगळं खरं आहे की खोटं, असा प्रश्न कुणी विचारत नव्हतं. विचारला असता तर त्याला आधी बदडलं असतं.

त्या शनिवारी बाप पहिल्या रांगेत बसला होता, डोक्याला टोपी, खोकून खोकून अर्धा झालेला. जल्लादने गरुडचा गळा दोरात अडकवला. गरुडची जीभ बाहेर आली, तोंड काळंनिळं पडलं. बाप उठून ओरडायला गेला तर खोकल्याची उबळ आली आणि ओरडणं घशातच राहिलं. जल्लादने ते पाहिलं. तो रिंगमधून खाली उतरला, बापाच्या डोक्यावरची टोपी उचलली, त्या टोपीने आपली काख पुसली आणि ती परत बापाच्या डोक्यावर ठेवून दोन थापट्या मारल्या.

शेड हसली नाही. पण बाप हसला. गिऱ्हाइकासमोर हसायचा तसाच, ओशाळून.

तिने दाभण काढला आणि खुपसला. सोफ्याच्या जाड कापडाला जातो तसा गेला. आधी जरा अडला, मग सरळ आत. जल्लादच्या तोंडून जो आवाज निघाला तो त्याआधी कुणी ऐकला नव्हता. रक्त बघून शेड उठली. खुर्च्या हवेत गेल्या, दिवे फुटले, एका पोलिसाचा दात पडला, आणि जल्लादला लोकांनी मुखवट्याला धरून फरफटत खांबापर्यंत नेलं. खांबावर त्याचं डोकं दोनदा आपटलं. तिसऱ्यांदा आपटणार तोच पोलिसांनी लाठ्या चालवल्या. ती बापाला काखेत धरून बाहेर पडली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत लाल होते.

सोमवारी बस डेपोतल्या लोकांनी तिच्याशी रांगेने हात मिळवला. दाभणबाई हे नाव तेव्हाच पडलं. पुढे बहिणीला मुलगी झाली आणि बाईची मावशी झाली.

दाभणाला गंज होता. जल्लादची मांडी पिकली. हे तिला कळलं ते दोन आठवड्यांनी, बापाला श्वास लागून दवाखान्यात भरती केल्यावर. बाप वरच्या मजल्यावर. ती स्टीलचा जग घेऊन गरम पाण्यासाठी खाली आली आणि पुरुषांच्या वॉर्डात तिला तो दिसला. मुखवटा नव्हता, पण तो फुटलेला कान आणि ती बैलासारखी मान तिने लाखांत ओळखली असती. पाय उशांवर ठेवलेला, मांडीला भलं मोठं बँडेज. तिला बरं वाटलं.

मग तिला त्याच्या शेजारी स्टुलावर बसलेला माणूस दिसला. डोळ्यांना चष्मा, मांडीवर रुमाल पसरलेला, संत्र्याची फोड न् फोड सोलत होता.

"बिया काढ रे," जल्लाद म्हणाला.

"काढतोय ना, दम धर," गरुड म्हणाला. "आणि वहिनींनी डबा दिलाय तोही संपवायचाय. नाहीतर मला बोलणी बसतात."

पहिल्यांदा तिला वाटलं, काय मोठ्या मनाचा माणूस आहे हा, वैऱ्याची सेवा करतोय! मग 'वहिनी' हा शब्द हळूहळू डोक्यात उतरला.

ती खाटेजवळ गेली. "किती वर्षं चाललंय हे?"

गरुड ओळखीचं हसला. चाहते भेटायची त्याला सवय होती. "काय ताई, किती वर्षं?"

"हे भरवणं."

"लहानपणापासूनचे दोस्त आम्ही," तो म्हणाला. "ते तिकडचं वेगळं असतं हो ताई, तुम्ही मनावर..."

तिने जग फिरवला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. चष्मा खाटेखाली गेला आणि संत्र्याच्या फोडींवर रक्ताची धार लागली. दुसरा फटका कानशिलावर बसला. तिसऱ्याला दोन नर्स आणि एक रोगी तिच्या हाताला लोंबकळले. गरुड नाक धरून जमिनीवर बसला होता. त्याने हात उचलला नाही. जल्लाद मात्र खाटेवर उठून बसला होता आणि आश्चर्याने बघत होता.

"अरे, हीच ती! दाभणवाली!" मग तिच्याकडे वळून म्हणाला, "बाई, चुकताय तुम्ही. मी वाईट आहे. हा चांगला आहे."

"तू निदान वाईट तरी होतास," ती म्हणाली. "हा काय होता?"

जल्लाद मागे टेकला. नंतर म्हणाला, "मार ठरलेला असतो, बाई. खोटा नसतो. सोळा वेळा हाडं मोडलीत माझी." ती ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती. तक्रार कुणी केली नाही. दोघांनीही डॉक्टरांना सांगितलं की गरुड पाय घसरून पडला.

ती वर गेली. बाप जागा होता.

"खाली कसला आरडाओरडा झाला गं?"

"गरुड आला होता."

बाप कोपरावर उठला. "गरुड? इथे? कशाला?"

ती जग धुवायला वळली. "जल्लाद खाली भरती आहे, बाबा."

"मारलं त्याला? इथे येऊन मारलं?"

"नाक फुटलं," ती म्हणाली.

"जल्लादचं?"

"हो."

बाप उशीवर पडला आणि किती तरी वेळ छताकडे बघून हसत राहिला. ओशाळलेलं नव्हे, खरंखुरं हसू. एकोणीस दिवसांनी तो गेला. ते खोटं आपण नीट निभावलं याचं समाधान तिला अजून आहे आणि त्याच खोट्याचा रागही आहे.

त्यानंतर बत्तीस वर्षं तिने कुस्तीकडे ढुंकून पाहिलं नाही. शेड पाडली गेली. बापाचं दुकान तिने एकटीने चालवलं.

मग भाचीला हे वेड लागलं. भाची दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. दिवसभर लोकांच्या तोंडात नळी धरायची आणि घरी आली की फोनवर कुस्त्या बघायची. तिला सगळं माहीत असायचं. गोष्ट कोण लिहितो, कोण कुणावर नाराज आहे, कुणाला जिंकवणार आणि का.

"मग बघतेस कशाला?" मावशीने विचारलं.

"ठरलेलं असतं हे माहीत असूनच बघायचं, मावशी. ती कला आहे. तुम्ही लोक नुसते फसत होता."

"फसत नव्हतो. भांडत होतो."

"तू तर माणूस भोसकलास!"

"मग? तू काय करतेस? फोनवर अंगठा दाखवतेस?"

असं महिनाभर चाललं. शेवटी भाचीने तिला एका रविवारी दुपारी ओढून नेलं. टायरचं जुनं गोदाम, दोनशेएक माणसं, पहिल्या रांगेतल्या दोन जागा. रिंगच्या दोरांना ट्यूबलाइटच्या नळ्या बांधल्या होत्या. पहिल्या दहा मिनिटांत तिला कळलं की इथलं रक्त रंगाचं नाही. काच नावाच्या तरण्या पहिलवानाच्या पाठीवर नळी फुटली. पांढरी पूड उडाली आणि पाठीवर वीसेक ठिकाणी लाल तोंडं उघडली. डॉक्टर नावाचा दुसरा, पांढऱ्या कोटातला, स्वतःचंही कपाळ फुटलेला, त्याच्या कपाळात तुटकी काच घासत होता. लोक टाळ्या वाजवत होते. चिडलेलं कुणीच नव्हतं. मागचा एक जण शेजाऱ्याला शांतपणे सांगत होता, "गेल्या वेळेपेक्षा बरं चाललंय."

"यांचं भांडण कशावरून आहे?" तिने विचारलं.

"भांडण असं काही नाही गं. बघ ना तू."

डॉक्टरने काचला उचललं आणि दोरांवरून बाहेर, नळ्या रचलेल्या टेबलावर फेकलं. टेबल मोडलं, पण काच मधोमध पडला नाही. त्याची मान टेबलाच्या लोखंडी कडेवर आपटली. गोदामभर एकच गजर झाला, "अजून! अजून!" तिच्यापासून तो पाच हातांवर पडला होता. डोळे उघडे. चड्डी ओली होत होती. ओल सिमेंटवर पसरत होती आणि त्याचा एकच पाय, दुसऱ्या कुणाचा असावा तसा, थडथडत होता.

"हा खरंच पडलाय," ती म्हणाली.

"मावशी, बस. छान करतो तो."

डॉक्टर दोरावर चढला होता. तिथून त्याला खाली दिसत नव्हतं, कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरलं होतं. उडी मारायला त्याने हात पसरले. ती कठडा ओलांडायला गेली तर शेजारच्या माणसाने हसत तिचा खांदा धरला. तिने कोपर मारलं. त्याचे दात तिच्या कोपरात रुतले. बसायची लोखंडी खुर्ची तिने मिटली, कठडा ओलांडून दोन पावलं धावली आणि दोरावर उभ्या माणसाच्या गुडघ्यांवर सगळ्या अंगाने हाणली. तो उलटा रिंगमध्ये पडला. उठायला लागला तशी तिने दोरांखालून आत घुसून तीच खुर्ची त्याच्या डोक्यात घातली.

गोदाम वेडं झालं. एवढा आनंद त्या दुपारी कशानेच झाला नव्हता. "मावशी! मावशी!" दोनशे माणसं पाय आपटत होती, फोन वर धरले होते. ती रिंगच्या मधोमध खुर्ची घेऊन ओरडत होती, "मरतोय रे तो! बघा त्याच्याकडे!" आणि ती जेवढी ओरडे तेवढ्या टाळ्या वाढत.

शेवटी पंच काचजवळ गुडघ्यावर बसला आणि त्याने डोक्यावर दोन्ही हातांची फुली केली, खरंच लागल्याची खूण. तरी पुढे मिनिटभर टाळ्या चालूच होत्या.

काच जगला. मान मोडली होती. आता आठ महिन्यांनी तो वॉकर धरून दहा पावलं चालतो. डॉक्टर कपाळाला नऊ टाके आणि गुडघ्याला पट्टा घेऊन दुकानात आला. खचलेल्या सोफ्यावर अर्धा तास बसला. "मला दिसलंच नाही, मावशी," एवढंच तीनदा म्हणाला. तिने त्याला चहा दिला. कार्यक्रम भरवणाऱ्याचाही फोन आला. व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिलाय, पुढच्या महिन्यात याल का, खुर्ची हलकी असते, आम्हीच देऊ. तिने त्याला ज्या शिव्या दिल्या त्या तिच्या बापाने आयुष्यभर गिळलेल्या होत्या.

भाची मात्र बिघडली. कामावर दांड्या मारून दुकानात येऊन बसायची आणि तोच व्हिडिओ परत परत लावायची. एका दुपारी मावशीने फोन तिच्या हातातून घेतला.

"किती वेळा बघशील?"

"बघत नाहीये. ऐकतेय." भाचीने मावशीच्या हातातल्या फोनवरच सुरुवात लावली. काच पडला होता, पाय थडथडत होता, आणि फोनच्या अगदी जवळून एक बाई ओरडत होती, "अजून! अजून!" स्वच्छ, आनंदी आवाज. "मी आहे ती. तू मला सांगितल्यानंतरसुद्धा ओरडत होते. तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं होतं," मावशी म्हणाली.

"मग बोलली का नाहीस?"

मावशीने फोन बंद करून गल्ल्यात टाकला. मग कोपऱ्यातलं काथ्याचं पोतं ओढून जमिनीवर उपडं केलं आणि झोडपायची काठी भाचीच्या हातात दिली. नाकाला बांधायला फडकं दिलं. भाचीने आधी चार फटके हळू मारले. मग दात-ओठ खाऊन मारायला लागली. संध्याकाळी दिवे लागेपर्यंत ती मारत होती. मावशीने तिला एकदाही थांबवलं नाही. फक्त धूळ फार झाली तेव्हा उठून दुकानाचं दार उघडलं.